बायकोच्या नावाने घाबरणारा माणूस

बसा, मंडळी, बसा. मागच्यांनी जरा पुढे सरका. खांबाला टेकायला मिळावं म्हणून तासभर आधी येणारे श्रोते मी याच गावात पाहिले! टेका, टेका. फक्त घोरू नका, आमच्या पेटीवाल्यांचा सूर बिघडतो.

आज एकच प्रश्न विचारतो. घरातलं माणूस तुम्हाला म्हणतं, ‘मला तुझी फार काळजी वाटते’ — तेव्हा ती काळजी नेमकी कोणाची असते? सांगा! कसल्या माना डोलावताय? प्रश्न विचारलाय, गाणं नाही म्हटलेलं. उत्तर ठाऊक असतं ना, तर इथल्या चार-पाच जणांचे चेहरे आत्ताच उतरले असते. म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही. म्हणजे मला सांगावं लागणार. म्हणा एकदा, विठ्ठल विठ्ठल! — एवढ्या बारीक आवाजात? देवाला ऐकू जाऊ नये म्हणून म्हणता की काय?

तर ऐका. बार्शीला अंबादासराव ढगे नावाचे एक गृहस्थ. विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले. तुम्हाला वाटेल, काय धाडसाची नोकरी! खांब, तारा, ठिणग्या! छे हो. खांबावर चढणारे वेगळे. हे चढणाऱ्यांची हजेरी मांडायचे. छत्तीस वर्षं खुर्चीवर बसून दुसऱ्याला ‘सांभाळून रे’ म्हणण्यात गेली.

त्यांच्या पत्नी कुमुदबाई. कन्याशाळेत भूगोल शिकवायच्या. एकतीस वर्षं बाईंनी निळ्या खडूने फळ्यावर समुद्र काढला. अरबी समुद्र, हिंदी महासागर, प्रवाळाची बेटं, भरती-ओहोटी, सगळं तोंडपाठ. आणि स्वतः समुद्र किती पाहिला? एकदा, मुंबईला लग्नाला गेल्या तेव्हा, टॅक्सीच्या काचेतून! शाळेची सहल कन्याकुमारीला निघाली, तेव्हा अंबादासराव म्हणाले, तुला बस लागते, कशाला जातेस. बाईंना बस कधीच लागली नव्हती. पण नवरा काळजीने बोलतोय म्हणून बाई राहिल्या. मुली जाऊन आल्या, बाईंना शिंपले आणून दिले.

बाई निवृत्त झाल्या, तेव्हा पुण्याच्या लेकीने, वैदेहीने, विचारलं की आई, तुला काय हवं? बाई म्हणाल्या, चारही बाजूंना पाणी आणि मध्ये मी, असं एकदा बघायचंय. एवढंच. सोनं नाही, साडी नाही. लेक गुणाची. तिने दोघांची क्रूझची तिकिटं काढली. मुंबईहून जहाज निघणार, लक्षद्वीपला जाणार, पाचव्या दिवशी परत. क्रूझ म्हणजे काय, ठाऊक आहे ना? तरंगतं हॉटेल! खायचं, प्यायचं — पाणी, मंडळी, पाणी प्यायचं, ते कोपऱ्यातले हसू नका — आणि समुद्र बघायचा.

झालं! अंबादासराव मनातून घाबरले. पण ‘मला भीती वाटते’ असं म्हणतील ते पुरुष कसले? ते म्हणाले, ‘माझं काही नाही हो. मला हिची काळजी आहे.’

दूधवाला भेटला, त्याला सांगितलं, हिची काळजी. डॉक्टरकडे खोकल्याला गेले, तिथे सांगितलं, हिची काळजी. दिवसभर मोबाईलवर बुडणारी जहाजं बघायची आणि संध्याकाळी बाईंना दाखवायची. बघ, हे बुडालं. हे आडवं झालं. हे तर उभं चिरलं. बाई भाजी निवडत म्हणायच्या, ‘ज्या जहाजांना काही झालं नाही, त्यांची चित्रं कोण काढणार?’ की अंबादासराव पुढचं जहाज बुडवायला घ्यायचे.

मग कंपनीला फोन. एकदा नाही, सतरा वेळा! होड्या किती? तिकडची मुलगी सांगायची, सगळे बसून वर जागा उरेल इतक्या. जहाजावर डॉक्टर आहे का? आहे. आग लागली तर? विझवणारे आहेत. मग यांनी विचारलं, समुद्र खोल किती? अरे बाबा, तुला बुडायला लागतं किती? पुरुषभर पाण्यात जो बुडतो, त्याला खाली आणखी मैलभर पाणी असलं काय नि नसलं काय! पण नाही. आकडा लिहून घेतला. त्याखाली लाल रेघ मारली. बाईंना दाखवला.

एवढ्यावर थांबले असते तर ते अंबादासराव कसले! ते पोहायला शिकायला निघाले. वय वर्षं सहासष्ट! तुळशीराम ननवऱ्यांच्या मळ्यात पायऱ्यांची विहीर आहे. तुळशीराम भला माणूस. त्याने यांच्या पाठीला पत्र्याचा रिकामा डबा करकचून बांधला, कमरेला दोर लावला, म्हणाला, मारा उडी. उडी? तीन दिवस हे पायऱ्यांवर उभे! चौथ्या दिवशी गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरले आणि दोर धरून देवाचा धावा केला. पाचव्या दिवशी तुळशीरामला गुऱ्हाळाचं काम निघालं. निघालं कसलं, त्याने काढलं! तर पोहणं आलं नाही. एक विद्या मात्र पदरात पडली. जे आपल्याला तरंगवतं, ते पाठीला बांधायचं असतं. एवढं ज्ञान घेऊन हा माणूस समुद्रावर निघाला.

अहो, निघाला म्हणजे तरी काय? आदल्या आठवड्यात म्हणाले, तिकिटं रद्द करू, तुझ्या जिवाला काही झालं तर मी वैदेहीला काय तोंड दाखवू? तेव्हा कुमुदबाईंनी निवडायचं ताट बाजूला ठेवलं. म्हणाल्या, मी जाणार आहे. तुम्ही आलात तर दोघं, नाही आलात तर मी एकटी. अडतीस वर्षांच्या संसारात असं वाक्य त्या घरात पहिल्यांदा बोललं गेलं. मग अंबादासराव गल्लीभर सांगत सुटले की हिला सांभाळायला जावं लागतंय.

आता मुंबईचा धक्का. जहाज कसलं, मंडळी — दहा मजली इमारत पाण्यावर उभी! कुमुदबाई मान वर करकरून बघतात आणि हसतात. इकडे अंबादासरावांनी जहाजाच्या रंगाला नख लावून पाहिलं, गंज आहे का! खोली मिळाली. गोल खिडकी, पांढरी चादर. कपाटात नारिंगी रंगाची दोन जाकिटं. तरंगायची जाकिटं. एक ह्यांचं, एक तिचं. ती बघून जिवात जीव आला.

जेवताना भोंग्यावरून हिंदीत आणि इंग्रजीत सूचना झाली. जहाज सुटायच्या आधी एक सराव असतो. भोंगा सात वेळा आखूड वाजतो, आठव्यांदा लांब. तो वाजला की आपापलं जाकीट घेऊन ठरलेल्या जागी जमायचं. तिथे नावं वाचतात, जाकीट कसं घालायचं ते दाखवतात, संपलं. कुमुदबाईंनी ते नीट ऐकलं आणि नवऱ्याला मराठीत समजावून सांगितलं. पण बायको सांगायला लागली की नवऱ्याचे कान आपोआप मिटतात. तुमचे मिटत नाहीत? बरं, बरं. ह्यांचे मिटले. हे बाहेर जायची वाट कुठे, त्याचा नकाशा बघत होते.

दुपारचे चार. कुमुदबाई न्हाणीघरात तोंड धुताहेत. आणि भोंगा झाला! एक, दोन, तीन — सात — आणि आठवा तो लांबलचक. अंबादासराव पलंगावरून ताडकन उठले. बुडालं! मी म्हणत नव्हतो?

मंडळी, जहाज तेव्हा कुठे होतं? धक्क्याला! हत्तीच्या पायाएवढ्या दोरांनी बांधलेलं! खाली हमाल चहा पीत होते!

पण ह्यांना कुठलं दिसायला. कपाट उघडलं. एक जाकीट काढलं, छातीवर घातलं. आणि एकदम विहीर आठवली. तरंगायचं ते पाठीला! मग? मग दुसरं जाकीट काढलं आणि ते पाठीवर घेऊन पोटाशी गच्च गाठ मारली. पुढे एक, मागे एक. आणि निघाला हा गडी, दार उघडं टाकून!

बायको? आत तोंड धुतेय. हाक मारली का? नाही. दार वाजवलं का? नाही. ते दुसरं जाकीट कोणाचं होतं, हा विचार तरी आला का? खरं सांगतो, ‘हिची काळजी’ करणाऱ्या ह्या माणसाच्या मनात त्या घटकेला ‘ही’ नव्हतीच. बोला आता. काही बोलायचंय कोणाला?

जमायच्या जागी शंभर माणसं. कोणी फोटो काढतंय, कोणी पोराचं नाक पुसतंय. जाकिटं सगळ्यांच्या हातात. आणि मध्ये हे, दोन्हीकडून फुगलेले, घामाने निथळत. जहाजावरची एक गोव्याची मुलगी, फिलोमिना, यादी घेऊन नावं वाचत होती. ती थांबली. तिने विचारलं, ‘काका, तुमच्याकडे दोन आहेत. दुसरं कोणाचं?’

 आणि उत्तर समोरून चालत येत होतं. कुमुदबाई आल्या, ओल्या तोंडाने, पदर खोचून, रिकाम्या हातांनी. कपाट त्यांनी पाहिलं होतं. माणसं हसली. अहो, हसणारच! मीही हसलो असतो. कुमुदबाई हसल्या नाहीत. त्या जवळ आल्या. गाठ ह्यांना सुटेना. बाईंनी ती सोडली, पाठीवरचं जाकीट काढून घेतलं आणि स्वतःच्या हातात धरून रांगेत उभ्या राहिल्या. सराव झाला. नावं वाचून झाली. ढगे कुमुद, हजर.

खोलीत आल्यावर अंबादासराव काय म्हणाले असतील? म्हणाले, ‘अगं, तुझ्यासाठीच घेऊन आलो होतो.’

काय निर्लज्ज असतो माणूस! दुसऱ्यासाठी आणलेली वस्तू पाठीला गाठ मारून आणतात का रे? मंडळी, पकडला गेला तरी काळजीचा सदरा अंगातून काढायची तयारी नाही!

कुमुदबाई पलंगाच्या कडेला बसल्या. चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत. वर्गात एखादी मुलगी तिसऱ्यांदा चुकली तर जसं सांगावं, तसं शांतपणे म्हणाल्या, ‘तुम्ही घाबरलात, त्याचं मला काहीच नाही. माणूस घाबरतो. पण अडतीस वर्षं तुम्ही तुमची भीती माझ्या नावावर खपवलीत. मी म्हणत आले, काळजी करतात माझी. मी सहली सोडल्या त्यापायी. आता तुमची भीती तुमच्यापाशी ठेवा. मला बाहेर पाणी बघायचंय.’

आणि गेल्या. दार हळू लावून गेल्या. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं अंबादासरावांना.

जहाज सुटलं. अंबादासराव खोलीत एकटे. मोबाईलला रेंज नाही, बुडणारी जहाजं बघायची सोय गेली. जहाज जरा डुललं की पलंगाची कड घट्ट धरत आणि सवयीने ओठांवर येई, हिला काही झालं तर! पण ही तर बाहेर उभी राहून वारा खातेय! तिला काही होत नव्हतं. जे होत होतं, ते ह्यांनाच होत होतं. आडोशाला उभं राहायला बायकोचं नाव नव्हतं, आणि त्याशिवाय स्वतःची भीती त्यांनी जन्मात कधी बघितली नव्हती. त्यांना त्या माणसाची, त्या दोन जाकिटांतल्या माणसाची, भयंकर लाज वाटली. वाटायलाच हवी होती! उशिरा का होईना, वाटली. बाई जेवून आल्या, झोपल्या. ह्यांच्याशी वाकडं बोलल्या नाहीत आणि सरळही बोलल्या नाहीत.

सकाळी उजाडल्यावर बाई पुन्हा वर गेल्या. अंबादासराव उठले. चपला घातल्या. जाकीट घेतलं नाही, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. भिंतीला धरून, जिन्याचा कठडा धरून, एकेक पायरी मोजत वर आले. दार ढकललं. वारा तोंडावर आदळला. आणि चारही बाजूंना पाणी! जमीन म्हणून नाही! कठड्याशी कुमुदबाई उभ्या. त्यांची पाठ बघून ह्यांना कळलं की ही बाई सुखात आहे, आणि हे सुख इतकी वर्षं कोणी अडवून धरलं होतं, तेही कळलं.

दहा पावलांचं अंतर. सहासष्ट वर्षांत इतका लांबचा प्रवास त्यांनी केला नव्हता. कठड्यापाशी पोचले, लोखंड घट्ट धरलं आणि म्हणाले, ‘कुमुद, मला भीती वाटते. तुझ्यासाठी नाही. मलाच वाटते. नेहमीच वाटायची.’

बाईंनी वळून बघितलं. थोडं सरकून जागा करून दिली. त्यांचा हात कठड्यावरून सोडवून स्वतःच्या हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने लांब बोट दाखवलं. पलीकडून एक जहाज येत होतं. आधी नुसता डोलकाठीचा शेंडा, मग हळूहळू खालचं अंग. म्हणाल्या, ‘बघा, पृथ्वी गोल आहे. फळ्यावर मी हजारदा काढलं हे.’ आणि तेव्हा बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

भीती गेली का हो ढग्यांची? कुठली जाते! पण तशीच भीती घेऊन गृहस्थ तास-दीड तास तिथे उभे राहिले. बायको जे बघत होती, ते बघत.

आता तुमच्याकडे वळतो. खांबाला टेकलेले, जरा सरळ बसा! सून म्हणाली स्कूटर शिकते, तुम्ही म्हणालात रस्ता वाईट आहे. लेक म्हणाली बाहेरगावी शिकायला जाते, तुम्ही म्हणालात जग वाईट आहे. असेलही. पण त्या जगाला भितंय कोण? ती की तुम्ही? भ्या, खुशाल भ्या, देवाने भीती सगळ्यांनाच दिली आहे. पण आपली आपण बाळगा. दुसऱ्याच्या गळ्यात बांधून वर त्याला माया म्हणू नका. ढग्यांना हसलात ना पोटभर? मग आता खाली का बघता?

आणि मला तरी कुठे तोंड आहे हो? माझी बायको आज कीर्तनाला आलेली नाही. तीन वर्षं झाली, येत नाही. मीच म्हणतो तिला, मांडी घालून बसावं लागतं, तुझे गुडघे दुखतील. तिचे गुडघे ठणठणीत आहेत, मंडळी. रोज टेकडी चढते ती. पण ती समोर बसली की असला उपदेश करताना माझी जीभ अडखळते. ती नुसती बघते माझ्याकडे, आणि तेवढं मला सोसत नाही.

आज घरी जाऊन हे मी तिला सांगणार आहे. तुम्हीही घरी जा आणि ज्याला अडवलंत, त्याच्यासमोर उभं राहून तीनच शब्द बोला — मला भीती वाटते. पुढे काय करायचं, ते त्या माणसाला ठरवू द्या. चला, उठा. आरती घेऊ.