हिऱ्याची चतुर्दशी

(बेळगावात काँग्रेस भरली त्याला दहाएक वर्षं झालीत. गावाबाहेर सांबऱ्याच्या सडकेवर एक सवारीची बैलगाडी. हाकायला निपाणीचे जैन तंबाखूवाले आप्पाण्णा. मागे त्यांची थोरली विधवा बहीण ब्राह्मीआक्का, बायको राजमती आणि दोन कुत्री: म्हातारी चंपी आणि तिचा लेक हिऱ्या. दिवस कलायला लागलाय. आप्पाण्णांना घाई आहे, बैलांना नाही.)

आक्का: मला एक सांग आप्पाण्णा. हवापालटाला मानसं जात्यात. कुत्री कवा गेल्याली बघिटलास तू?

आप्पाण्णा: सायेब लोक नेत्यात की. मोटारीत शेजारी बसवून नेत्यात.

आक्का: सायेब लोक नेत्यात म्हनून तू नेतूस व्हय? सायेब लोक आनि काय काय करत्यात, ते बी करनार हाईस?

राजमती: करतील आक्का. डोक्याच्या मापाची हॅट तेवढी मिळंना झालीया.

आप्पाण्णा: तू गप गं. आक्का, उगं कुरकुर नगं. निपाणी सोडल्यापास्नं चुलीम्होरं बसली न्हाईस. संकेश्वरात पावन्यांकडं मुक्काम केला. बेळगावात बाजार दावला. गोकाकची लाकडी फळं घेऊन दिलो. तीन-तीन पुस्तकांची दुकानं दावलो. हवापालट म्हंजे आनि काय असतंय?

आक्का: तीन दुकानं दावलास, आनि तिन्हीकडं माजी लाज काढलास.

आप्पाण्णा: मी काढलो? पुस्तक घेनारं मानूस किंमत इचारतंय, अक्षर केवढं हाय ते बगतंय. तू बांधनी हुंगत बसलीस.

आक्का: मग? जिनवाणी हाय ती, तुज्या तंबाखूचं बोचकं न्हाय. छापल्यालं पुस्तक बांधायला सरस लावत्यात. आनि सरस कशाचं? कातडी, हाडं उकळून करत्यात. तसलं पुस्तक देवापुढं ठेवू व्हय मी? पयल्या दुकानदारानं तरी खरं सांगिटलं बिचाऱ्यानं. पाठीला सरसच लागतंय, म्हनाला.

राजमती: दुसऱ्यानं इचारलं, बाई, पुस्तक वाचायला पायजे का खायाला?

आप्पाण्णा: बरोबर इचारलं त्यानं.

आक्का: तिसरा चष्मेवाला तेवढा देवमानूस. गळ्याला हात लावून सांगिटलं, निव्वळ गव्हाची खळ हाय म्हनून. म्हनून घेतलो.

आप्पाण्णा: झालं तर मग. बसदीला देवापुढं ठेवाय मी कपाटभर पुरानं दिलोय. पाठीवर सोन्याच्या अक्षरात माजं नाव हाय. सगळं पंच रोज कपाळाला लावत्यात. आजपातुर एकानं हुंगून बघिटलं न्हाय.

आक्का: त्यास्नी तुजं नाव वाचायचं असतंय. मला पुरान ऐकायचं हाय. राजमती वाचनार, मी ऐकनार. त्याच्यासाठनं वर्षभर ह्ये वेष्टन शिवलोय, पुस्तक गुंडाळायला. खणाचं एकेक तुकडं जोडून. राजमती, बग की गं, ह्या कोपऱ्यात मोर कसा आलाय.

राजमती: मोर हाय व्हय त्यो? मला कोंबडी वाटली.

आप्पाण्णा: ह्या गाडीत कोंबडीचं नाव काढायचं न्हाय.

आक्का: का काढायचं न्हाय? झालं ते झालं. किती दिवस चघळनार तुमी?

आप्पाण्णा: मी चघळतोय? आख्खी निपाणी चघळतीया. अनंत चतुर्दशीचा दिवस. आपल्या अंगनात समदा समाज बसल्याला. उपाध्ये सांगाय लागल्यात, जीवदया म्हंजे काय. आनि ह्यो आपल्या घरचा जीव त्या शेजारच्या ज्योतिबाची कोंबडी तोंडात धरून येतोय, आनि नेमकी उपाध्यांच्या पायाशी ठेवतोय. दक्षिणा दिल्यागत.

राजमती: शेपूट बी हालवत हुता.

आक्का: एकडाव चुकला. तसा गुनाचा हाय माजा हिऱ्या. मागल्या जल्मी चांगला श्रावक असनार. कांदा दाखवा, तोंड फिरवतोय.

राजमती: कांद्याला कुठलंबी कुत्रं तोंड फिरवतंय, आक्का.

आक्का: दिवस मावळला की ताटलीत तोंड घालत न्हाय.

राजमती: दिवस मावळायच्या आदी तुमी ताटली उचलून ठेवता.

आक्का: अष्टमी-चतुर्दशीला माज्यासंगं उपास करतोय. समद्या गावात दावा मला दुसरा असला कुत्रा.

राजमती: त्या दिवशी तुमी त्याला खांबाला बांधता.

आप्पाण्णा: आनि त्या दिवशी खांबाचं दावं तोडून गेला तुजा श्रावक.

आक्का: बरं बाबा. आता ह्ये सांबरं कशाला मधीच काढलास? आपली वाट हिकडं न्हाय.

आप्पाण्णा: मष्णू आनि जयाबाई न्हाईत का, आपल्या तंबाखूत राबल्याली? लई दिवस बोलवाय लागल्यात. मोकळी हवा, मोठं परस. वाईच टेकू, आनि जाऊ.

आक्का: तू आनि कुळवाड्याच्या घरात टेकनार? त्यांच्या इहिरीचं पानी सुदीक गाळून घेताना तुजं तोंड वाकडं हुतंय.

राजमती: आक्का, पाय जरा हिकडं घ्या. खाली पोतं हाय, अडचन हुईल.

आक्का: कसलं पोतं? ... ह्ये तर हिऱ्याचं. ह्याच्यावरच निजतोय त्यो. आनि आत काय वाजतंय? ताटली. आप्पाण्णा, हिऱ्याची ताटली कशाला आनलास?

आप्पाण्णा: जेवायला.

आक्का: मग चंपीची कुठं हाय?

आप्पाण्णा: हय, हय! चल रं राजा!

आक्का: चंपीची ताटली न्हाय. चंपीचं पोतं न्हाय. हिऱ्याचंच तेवढं बिऱ्हाड बांधलंय. तोंड हिकडं कर रं.

आप्पाण्णा: बैल हाकतोय मी.

आक्का: बैलास्नी वाट कळतीया. तू हिकडं बग. सोडाय निघालाईस त्याला.

आप्पाण्णा: आक्का, ऐकून तर घे. पंच म्हनाले, बसदीचा कारभार येत्या सालाला तुमच्याकडं द्यायचा इचार हाय, पन घरातच असं असंल तर लोक काय म्हनतील? मग मी म्हटलो, कुत्रं घालवतो. शबुद दिलोय. जयाबाई काय मारनार न्हाय त्याला. उलटं खाऊन-पिऊन सुखात ऱ्हाईल.

आक्का: मला इचारलास?

आप्पाण्णा: इचारलं असतं तर नगं म्हटली असतीस.

आक्का: म्हनूनच इचारायचं असतंय.

आप्पाण्णा: कुत्र्यासाठनं एवढं काय मनाला लावून घ्यायचं?

आक्का: नवरा गेला तवा अंगावरची हळद सुदीक निघाली नव्हती. तुज्या दारात आलो. तुजी पोरं अंगाखांद्यावर वाढवलो. ती शिकाय कोल्हापूरला गेली, त्यांच्या त्यांच्या वाटंला लागली. लागू देत, माजं काय म्हननं न्हाय. पन आता त्या घरात मी कवा बाहीर जातो आनि कवा येतो, कुनाला कळतंय? बसदीतनं यायला उशीर झाला तर ह्यो कोपऱ्यावर येऊन बसतोय. ह्यो एकटा. मला बघिटला की मगच उठतोय. त्याला तू सांबऱ्यात सोडनार, आनि त्याच्या बदली मला पुस्तक देनार. आनि वर लाकडी पेरू.

आप्पाण्णा: तसं न्हाय, आक्का.

राजमती: तसंच हाय.

आप्पाण्णा: तू कुनाकडनं बोलतीयास?

राजमती: गाडी थांबवा अवं.

आप्पाण्णा: आता कशाला? दिवस मावळाय आलाय. उजेड हाय तवर जेवून घ्यायचं हाय आपल्याला.

राजमती: हिऱ्या जेवाय बसलाय.

आक्का: काय खातोय?

राजमती: पुरान.

आप्पाण्णा: बग. बग आक्का, तुजा श्रावक. कोंबडी झाली, आता जिनवाणीच राह्यलीती. चाबूक कुठं हाय माजा?

आक्का: हात लाव तर खरं त्याला. सोड रं हिऱ्या, सोड माज्या राजा. ह्यो लाकडी पेरू घे. घे की.

राजमती: पेरूकडं बगायला बी तयार न्हाय त्यो.

आक्का: किती पानं फाडली?

राजमती: एक बी न्हाय. अक्षराला धक्का न्हाय. पाठ तेवढी चावून चाटून मोकळी केलीया.

आक्का: पाठच का म्हनून?

आप्पाण्णा: कुत्र्याला काय कळतंय, पोट कुठलं आनि पाठ कुठली.

आक्का: थांब. घरात रोज गव्हाची पेज घालतो मी त्याला. वाटीत बोट बुडवून चाटवावी लागतीया, तवा कुठं तोंड लावतोय. आनि ही खळ असला मिटक्या मारून खातोय? आन ते पुस्तक हिकडं. राजमती, हुंग बगू.

राजमती: हुंगायची गरज न्हाय आक्का. चष्मेवाल्याच्या दुकानामागं शेगडीवर सरसाचा डबा कडत हुता. वास दारापातुर येत हुता. आनि तुमी खळ हाय का म्हनून इचारत हुतासा तवा ह्यांनी मागनं त्याला डोळा घातला.

आप्पाण्णा: मग तवा का बोलली न्हाईस?

राजमती: बोललो असतो तर चौथं दुकान हुडकावं लागलं असतं. माजं पाय दुखाय लागलंतं.

आप्पाण्णा: आनि पुस्तक कुत्र्याच्या तोंडाशी कुनी ठेवलं?

राजमती: जागा तिथंच मोकळी हुती.

आक्का: म्हंजे आप्पाण्णा, बसदीतलं तुजं कपाटभर...

आप्पाण्णा: हळू बोल, आक्का.

आक्का: कोन ऐकतंय हितं? बैल? हां, त्यांनी ऐकलं तर जड जाईल खरं. कुठल्या पाठीत त्यांच्या भावकीतलं कोन हाय, कुनाला ठावं.

आप्पाण्णा: त्या येळंला मला म्हाईत नव्हतं.

आक्का: हिऱ्याला तरी कुठं म्हाईत हुतं, उपाध्ये कशावर बोलाय लागल्यात ते? त्यानं एक कोंबडी धरली. तू कपाटभर कातडं नेऊन देवापुढं ठेवलास, वर सोन्यानं सोताचं नाव घातलास. आता पंचांनी कुनाला घालवायचं, सांग.

आप्पाण्णा: तू पंचांना जाऊन सांगनार हाईस?

आक्का: मी कशाला सांगू? मी म्हातारी बाई. बसदीत बसल्या बसल्या कायबी बरळतो. कवातरी तोंडातनं निसटलंच, तर माजा काय इलाज?

आप्पाण्णा: बरं. हिऱ्या घरी येतोय.

आक्का: मोठ्यानं म्हन. त्याला ऐकू जाऊ दे.

आप्पाण्णा: हिऱ्या घरी येतोय. झालं? आता उतरा, त्या झाडाखाली जेवून घ्या. पंचास्नी काय सांगायचं ते माजं मी बगतो.

राजमती: सांगा, सांबऱ्यात कुनी घेतला न्हाय. निपाणीत कोन इचाराय येतंय?

आप्पाण्णा: शिकवू नगं मला. भाकरी सोड.

आक्का: मला सुई-दोरा दे आदी, उजेड हाय तवर. तुमी घ्या जेवून.

आप्पाण्णा: आता काय शिवतीस?

आक्का: पुस्तक. पाठ गेली ते बरंच झालं. वाकळंला घालतो तसला दोऱ्याचा टाका घालतो, सरस नगं का खळ नगं. राजमती, पानं सरळ धर. व्हय, अशी. ... आता घाल वेष्टनात. बसलं का न्हाय नीट? बसदीतली बी एकेक करून घरी आन रं आप्पाण्णा. समद्यास्नी टाकं घालून देतो मी.

आप्पाण्णा: पाठ काढली तर माजं नाव कुठं ऱ्हानार?

आक्का: हिऱ्याच्या पोटात. खा रं हिऱ्या, भाकरी खा. राजमती, एका दमात संपवली की गं ह्यानं. तरी बी त्या पाठीच्या तुकड्याकडंच बगत बसलाय.

राजमती: आक्का, काल अष्टमी हुती. वाटंत त्याला काय घातलासा?

आक्का: पानी.

राजमती: आनि कोंबडीच्या दिवशी?

आक्का: पानीच की. चतुर्दशी हुती.

राजमती: आनि आज दिसभर बाजाराच्या गडबडीत कुनीच घास घातला न्हाय.

आक्का: भूक लागलीती व्हय रं तुला? एवढंच हुतं व्हय? आनि मी समद्या गावात सांगत सुटलोय, माजा हिऱ्या उपास करतोय म्हनून. एक पुण्यवान जीव मिळाला मला सोबतीला, म्हनून. तू तिकडं दावं चावत बसल्याला.

आप्पाण्णा: जाऊ दे आक्का. चार घास खाऊन घे. दिवस टेकलाय. मग गाडी फिरवतो.

आक्का: सांबरं किती ऱ्हायलंय?

आप्पाण्णा: ती चिंचंची झाडं दिसत्यात न्हवं, त्याच्या पल्याड. पन आता काय काम हाय तिथं?

आक्का: जयाबाईला काय सांगून ठेवलातास?

आप्पाण्णा: कुत्रं आनतोय म्हटलोतो. ती म्हनाली, आना, हाडकं राखून ठेवतो.

आक्का: मग चल तिकडंच. रातची तिथंच वस्ती करू. हिऱ्याला रातीपुरतं तिच्या परसात सोड, सकाळी घेऊन जाऊ. काय घालंल ते घालू दे, पोटभर. आपुन म्होरल्या दारी बसू, तिकडं पाठ करून.

आप्पाण्णा: आनि घरी गेल्यावर, चतुर्दशीला?

आक्का: चतुर्दशीला उपासाला मी हाय की. एवढी वर्सं एकटीच तर करत आलोय.