बालाजीला काय झालतं

बसा, बसा समदे. मागं उभे हायेत त्यांनी बी पुढं या. मला भाषण येत न्हाई. पण अर्धापूरहून केळीच्या गाड्या आम्ही दोघांनी संगंच चालवल्या, बालाजीनं अन् मी, सलीमनं. म्हणून मलाच बोलावं लागून राहिलंय.

पूजा, बाई, वर बघ. तुझा बाप येडा नव्हता. त्यानं जीव बी दिला न्हाई. बाजारात कोण काय बोलून राहिलं, मला समदं ठाऊक हाय.

दिवाळीनंतर कमलवहिनी वारल्या अन् बालाजीची झोपच उडाली. मीच त्याला नांदेडला मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कानात आवाज येतात का? हा म्हणतो, येतेत की! डबा घेतला का, म्हणती कमल. डॉक्टरांनी समदं नीट विचारून घेतलं. मग मला म्हणाले, हा आजार नाही. बायको गेल्याचं दुःख आहे. पण झोप येत नाही तोवर यांच्या हातात गाडी देऊ नका. चिठ्ठीवर बी तसंच लिहून दिलं.

खरं लिहिलं हो! तेच नडलं.

मालक, तुम्ही बी आलात, बरं झालं. तोंडावरच बोलतो, माघारी नको. तुम्ही चिठ्ठी पाहिली अन् एकच विचारलं, आजार हाय का न्हाई? मी म्हणलं, आजार न्हाई, पण... तुम्ही ते ‘पण’ ऐकलंच न्हाई. म्हणालात, मग काही न्हाई, उद्यापासून ये. ताप असता तर सुट्टी. पाय मोडला असता तर सुट्टी. बायको मेली तर काही न्हाई?

बालाजी हसला. ‘चल सलीमभाई, काही न्हाई मला,’ म्हणला अन् चावी घेतली.

परवा भर दुपारी, हदगावच्या रोडवर, रिकामी गाडी निंबाच्या झाडाला धडकली. ब्रेक मारल्याची खूण न्हाई. डोळा लागला व्हता त्याचा. लई दिवसांनी लागला. पोलिसांनी मालकाला विचारलं, ह्याला काही आजार व्हता का? मालकांचं परत तेच उत्तर. काही न्हाई.

आता थोडा वेळ गप उभं राहू. पण बाहेर पडल्यावर कुणी विचारलं, बालाजीला काय झालतं, तर ‘काही न्हाई’ म्हणू नका. बायको मेली व्हती, म्हणा. झोप येत नव्हती, म्हणा.

उभे राहा समदे. मालक, तुम्ही बी.

बालाजी, गड्या, झोप आता निवांत.