पुरलेला रणगाडा

लेफ्टनंट : नियमात बसत नाही, आजोबा. आत माणूस असताना रणगाडा ओढता येत नाही.

झेल्याझ्को : नियम मला सांगतोस? याच रणगाड्यात दोन वर्षं तोफेवर बसलोय. अडुसष्ट ते सत्तर.

केराना : खरंय, साहेब, नुसता बसलाच होता. रणगाडा गळ्यापर्यंत पुरलेला, इंजिन काढून घेतलेलं, वर फक्त बुरूज आणि तोफ. आणि मला लग्नाआधी सांगतो, मी रणगाड्यावर असतो.

झेल्याझ्को : खोटं होतं का?

केराना : मला वाटलं, मागणी घालायला धडधडत येईल. आला सायकलवर. तीही भावाची.

लेफ्टनंट : पण पुरला कशाला होता इथे? जर्मन माल, महायुद्धातला.

झेल्याझ्को : फेकून कशाला द्यायचा? तुर्की फौज सीमा ओलांडून या रस्त्याने आली तर अडवायची होती.

केराना : आली एक म्हैस.

झेल्याझ्को : अडवली की तिला.

लेफ्टनंट : आता कोणीच येत नाही, म्हणून तर काढतोय. संग्रहालयात जाईल. लोक बघतील.

केराना : लोक बघतील, आणि ज्याला गाव चाळीस वर्षं बटाटा म्हणतंय तो इथे उभा राहणार?

लेफ्टनंट : बटाटा?

केराना : जमिनीत असायचा ना. लग्न लावताना पाद्र्याच्या तोंडूनही तेच निघालं.

लेफ्टनंट : तसा आत दारूगोळा नाही, तपासलंय आम्ही. पण साखळी तुटली तर?

झेल्याझ्को : तर होतो तिथेच राहीन.

लेफ्टनंट : ...बसा. डोकं आत ठेवा. आजी, तुम्ही कुठे निघालात?

केराना : वर. हा मला फिरायला कधी नेतो, याची मीही वाट बघतेय.

लेफ्टनंट : हात द्या. पाय जपून.

(साखळी ताणली जाते. ओढणारं वाहन गुरगुरू लागतं.)

केराना : काही होत नाहीये.

झेल्याझ्को : थांब जरा.

केराना : थांबण्यात तू पटाईतच. आई गं, धर मला.

झेल्याझ्को : धरलंय.

केराना : त्या फटीतून काय बघतोयस? बोल की.

झेल्याझ्को : ते अक्रोडाचं झाड. दोन वर्षं इथून बरोबर मधोमध दिसायचं. पानंसुद्धा मोजलीत त्याची.

केराना : मग?

झेल्याझ्को : बाजूला सरकतंय.