मिसरीचे डाग

बहात्तरच्या दुष्काळात, नगरच्या दातांच्या दवाखान्यात दयाबाई ठणकती दाढ धरून बसल्या होत्या. डॉक्टरांना दात दाखवून आलेली एक पोरगी त्यांच्या शेजारी बसलेल्या आपल्या आईपाशी येऊन टेकली.

“काय म्हनला डाक्टर?”

“कोरा चहा कमी कर. दूध पी, काकडी-गाजर खा. खाल्लं की चूळ भर. आन् मिसरी सोड, मंजी डाग वाढायचे न्हाईत.”

“दूध! गाय चाऱ्यावाचून मेली. चूळ भरायला पानी तरी हाय का?”

“न्हाई की.”

“मिसरी तर सोड, बये. परवा पावनं तुजे दात बघूनच उठलं.”

“सोडली हुती, आये.”

“मग परत का धरली?”

“खडी फोडताना भूक आवरंना.”

आईनं कनवटीची मिसरीची डबी काढली, उघडली आणि लेकीपुढं धरली.