क्रिमियाहून परतलेलं कार्डिगन

डॉ. ट्रहॅर्न : पुन्हा सांगा, मिसेस प्यू. सावकाश. 'जरा धुतलं' म्हणजे नेमकं काय केलंत?

मिसेस प्यू : कढत पाण्यात घातलं, डॉक्टरबाई. अकराला प्रदर्शनाचं उद्घाटन, अर्धं गाव येणार आणि त्याला हा मेंढीचा वास! आपल्या म्युझियमची काय शोभा राहिली असती?

डॉ. ट्रहॅर्न : क्रिमियाच्या युद्धातून परतलेलं कार्डिगन. सहा फुटी शिपायाचं. आता ते चार वर्षांच्या पोरालाही काखेत दाटेल.

मिसेस प्यू : मग पाटी बदलू. 'शूर शिपायाचं बालपणीचं कार्डिगन.'

डॉ. ट्रहॅर्न : त्याच्या बालपणी या वस्त्राला हे नावच नव्हतं!

मिसेस प्यू : बघणाऱ्यांना कुठे ठाऊक असतं?

डॉ. ट्रहॅर्न : मला ठाऊक आहे. वीस वर्षं या वस्त्राच्या इतिहासाशिवाय दुसरं काही केलेलं नाही मी. आपल्या या कार्डिगन गावाचं नाव उपाधी म्हणून मिरवणारा तो सेनापती, लॉर्ड कार्डिगन, युद्धातही आपल्या खासगी नौकेवर गाद्यागिरद्यांत झोपायचा. शिपाई चिखलात गोठायचे. आणि वस्त्राला नाव कुणाचं? त्याचं! ज्या बायकांनी ते विणलं, त्यांची नावं इतिहासाने टिपण्याची तसदी घेतली नाही. माझ्या चारशे पानी ग्रंथाचा हा एकमेव पुरावा होता. तुम्ही तो साबणात बुडवलात.

मिसेस प्यू : साबण चांगला होता हो. लव्हेंडरचा.

(कार्डिगन म्युझियमला देणारे एक्याऐंशी वर्षांचे इडवल बेवन काठी टेकत आत येतात.)

इडवल : आटलं वाटतं? ब्रॉनवेन, तूच ना गं?

मिसेस प्यू : चुकलं, काका. तुमच्या पणजोबांची आठवण...

इडवल : रडतेस काय? पणजीनंही आटवलं होतं. पणजोबा घरी आले तेव्हा उवांच्या जोरावर ते आपलं आपण चालत होतं म्हणे. तिनं थेट उकळलं.

डॉ. ट्रहॅर्न : उकळलं? मग हे कोणतं?

इडवल : तिनं दुसरं विणलं, अगदी तस्संच. ते आजीनं एकतीस साली आटवलं. हे तिसरं.

डॉ. ट्रहॅर्न : आणि हे तिसरं कुणी विणलं, मिस्टर बेवन?

इडवल : मी. चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात. पाय मोडून पडलो होतो.

डॉ. ट्रहॅर्न : मी याची लोकर सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आहे. पान एकशे बारा : 'निःसंशय स्थानिक मेंढ्यांची आणि हाताने कातलेली.'

इडवल : बरोबर आहे की! मेंढ्या आमच्याच. कातलीही मीच.

डॉ. ट्रहॅर्न : हे आधी का नाही सांगितलंत?

इडवल : विचारलंत कुठे? म्हणालात, इथे सही करा. केली.

मिसेस प्यू : म्हणजे मी पुरावा बिघडवलाच नाही!

डॉ. ट्रहॅर्न : मिसेस प्यू, कृपया. मिस्टर बेवन, हा विणीचा नमुना कुठे लिहून ठेवला आहे?

इडवल : लिहायचा कशाला? हातात आहे. पणजीनं आजीला शिकवला, आजीनं आईला, आईनं मला. मला काही मूलबाळ नाही.

डॉ. ट्रहॅर्न : म्हणजे तुमच्यानंतर...

इडवल : माझ्यानंतर दुकानातलं घाला.

डॉ. ट्रहॅर्न : पणजीचं नाव काय?

इडवल : मारेड. चर्चच्या वहीत नुसतं 'शिपायाची बायको' आहे.

मिसेस प्यू : पावणेअकरा झाले हो! काचेच्या पेटीत ठेवू काय?

डॉ. ट्रहॅर्न : पेटी उचला तिथून. दोन खुर्च्या मांडा. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'मारेड बेवन' लिहा. मिस्टर बेवन, सुया आहेत?

इडवल : सुयांशिवाय मी घराबाहेर पडत नाही. पण तुम्हाला विणता येतं का, डॉक्टरबाई?

डॉ. ट्रहॅर्न : त्याविषयी छापलेलं सगळं मी वाचलं आहे.

इडवल : बरं. मग ती सुई आधी सुलटी धरा.