मळ्याच्या लायनीवरचा ट्रम्पेट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षण मंडळाचा गाडा इतकी वर्षं न कुरकुरता ओढणारे आदरणीय नवनीतभाई, मुख्याध्यापिका नूतनताई, मोगऱ्याचे हार घालून घामाघूम बसलेले व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण मे महिन्याच्या या उन्हात जमलो ते सत्कारमूर्ती हेमकांत सर, पहिल्या रांगेतल्या शीलावहिनी, शिक्षकवृंद, आजी-माजी विद्यार्थी आणि केळीबागा वाऱ्यावर सोडून आलेल्या माझ्या शेतकरी बंधू-भगिनींनो,

मी गोपाल. शाळा समितीचा सदस्य, पण त्याआधी सरांचा शेजारी. त्यांचं घर आणि माझी केळी यांच्यात एक कुंपण आहे, तेही बकऱ्यांनी अर्धं खाल्लंय. माझ्या आधीच्या वक्त्यांनी सरांची शिस्त, त्यांचं विज्ञान, त्यांचा वक्तशीरपणा यावर इतकं सुंदर सांगितलं की मला शंका आली, मी राहतो तो दुसऱ्याच कुणाच्या शेजारी की काय? तेव्हा त्या विषयाला मी हात लावत नाही. मी बोलणार आहे सरांच्या रेकॉर्डींवर.

मंडळी, येत्या रविवारी पुण्याहून गाडी येणार आहे आणि सरांच्या जाझच्या सगळ्या रेकॉर्डी, मशीनसकट, कायमच्या जाणार आहेत. सरांनी तिकडच्या लोकांना शब्द देऊन टाकलाय. लोकांना सांगतात, घरात जागा होत नाही. साफ खोटं! रिटायर झालेल्या माणसाला जागाच जागा असते. खरं कारण मला माहीत आहे, कारण ते घडलं तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवर बसलेलो होतो. सर, तुम्ही डोळे वटारा की पाणी प्या, आज मी ते सांगणार.

जाझ म्हणजे काय रे भाऊ, असं बऱ्याच चेहऱ्यांवर दिसतंय. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत. ट्रम्पेट, पियानो, सॅक्सोफोन. सगळे मिळून एक गाणं सुरू करतात आणि मग जो तो आपल्या वाटेनं जातो. मी सरांना विचारलं होतं, "यांचं आधी ठरलेलं काय असतं?" सर म्हणाले, "निघायचं कुठून, एवढंच." म्हटलं, म्हणजे आपल्या मंडळाची वार्षिक सभाच की! नवनीतभाई, हसलात म्हणजे पटलंय तुम्हाला.

सर तरुणपणी खापर गावच्या शाळेत होते. तिथून सुट्टी लागली की एसटी पकडून सुरतेचा जुना बाजार गाठायचे. लोक सुरतेहून साड्या आणतात, हे रेकॉर्डी आणायचे. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला वहिनींना खोकं उघडायला दिलं, आत काय, तर दाढीवाल्या सॅक्सोफोनवाल्याचा फोटो! वहिनी तेव्हापासून त्याला सवत म्हणतात.

ऐकायचे नियमही कडक. पाय हलवायचा नाही. मान डोलवायची नाही. चहा पिताना फुर्र आवाज केला तर सुई उचलून पहिल्यापासून. रेकॉर्ड पुसायला वहिनींच्या जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा, दुसरं कापड चालत नाही. उन्हाळ्यात घरातला एकुलता एक कूलर रेकॉर्डींच्या खोलीत, आणि वहिनी ओल्या पंच्यावर! पावसाळ्यात दमट हवेमुळे कपाट पूर्ण बंद. आणि मतं तर विचारूच नका. टाळ्या ऐकू येतात त्या रेकॉर्डवर सरांचा भरवसा नाही. म्हणतात, तिकीट काढलेला माणूस टाळ्या वाजवणारच. नुसत्या ड्रमचा तुकडा आला की तोंड वाकडं करून म्हणणार, "ज्यानं काठी गावच्या होळीतला ढोल ऐकलाय, त्याला हे डबे कशाला ऐकवता?" इथे मात्र मी शंभर टक्के सरांच्या बाजूचा आहे.

पण या सगळ्यांत एक रेकॉर्ड म्हणजे त्यांचा प्राण. त्या ट्रम्पेटवाल्याचं नाव मला आजही धड घेता येत नाही, म्हणून घेत नाही. काय वाजवायचा बाबा! संथ, खोल, एकेक सूर जड पावलांनी येणारा. पहिल्यांदा कुंपणावरून आवाज आला तेव्हा आमचे वडील, मगन आप्पा, खाटेवर उठून बसले. म्हणाले, "कोन मरी गया रे भो? हाई कसानं वाजी ऱ्हायनं?" पुढे सवय झाली. आमच्याकडे निंदायला येणारी दगूबाई तर कुंपणापाशी जाऊन फर्माईश करायची, "मास्तर, ते रडकं लावा ना. काम हलकं व्हस." आणि सर, जे पोरांना दुसऱ्यांदा प्रश्न विचारू देत नाहीत ते सर, दगूबाईसाठी पुन्हा लावायचे.

सरांचं म्हणणं, हा जगातला सगळ्यांत सबुरीचा वादक आहे. फक्त दुसऱ्या बाजूला शेवटी शेवटी त्याचा संयम सुटतो, जरा घाई करतो. तेवढा एक दोष सर त्याला माफ करायचे.

यंदा होळीनंतर पुण्याच्या रेकॉर्डप्रेमी मंडळींनी सरांना बोलावलं. सर इतके खूष, की नवा सदरा शिवला. रेकॉर्ड दोन टॉवेलांत गुंडाळून मांडीवर घेतली. सोबतीला मी. मोठा हॉल, सगळे जाणकार, कुणाच्या हनुवटीला हात, कुणाच्या कपाळाला. सर उभे राहिले आणि बोलले, मंडळी, असं बोलले की वर्गात कधी बोलले नसतील! म्हणाले, "हा माणूस घाई करत नाही. दारात उभा राहतो, आत जावं की न जावं याचा विचार करतो, आणि तो विचारच आपल्याला ऐकवतो." माझ्या अंगावर काटा आला. मग सरांनी तिथल्या मशीनवर रेकॉर्ड ठेवली, सुई टेकवली.

आणि वरात निघाली! अहो, नवरदेव घोड्यावरून पडावा अशी वरात! ट्रम्पेट नुसता उड्या मारतोय. सरांनी झटकन सुई उचलली, मशीनचा खटका तपासला, पुन्हा टेकवली. पुन्हा तेच. तिथल्या लोकांनी दुसरं मशीन आणलं. त्यावरही तेच. मागून एक मुलगी फस्सकन हसली, आणि मग एकेक करून सगळा हॉल. तिथले एक वयस्कर गृहस्थ फार अदबीनं म्हणाले, "सर, ही नाचाची रेकॉर्ड आहे. लोक हिच्यावर नाचायचे."

 परतताना धुळ्याला चहाला उतरलो तेव्हा सर एवढंच म्हणाले, "गोपाल, व्होल्टेज."

मला काही कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. सरांचं घर गावठाणाबाहेर, आमच्या मळ्याच्या लायनीवर. थ्री फेज लाइट आली की आम्ही सगळे एकदम मोटारी चालू करतो, केळीला पाणी सोडतो. एरवी लाइट जेमतेम दिवा लागण्यापुरती, म्हणून तेव्हाच सर मशीन लावायचे. एका डीपीवर, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवर, इतक्या मोटारी, व्होल्टेज राहणार कुठून? आणि सरांचं मशीन जुनं, व्होल्टेज पडलं की त्याची चाल मंदावते. म्हणजे तो सबुरीचा वादक जगात कुठेच नव्हता. तो आपल्या डीपीवर होता! दुसऱ्या बाजूला त्याचा संयम सुटायचा, कारण तोवर आमचं पाणी भरून व्हायचं आणि आम्ही एकेक मोटर बंद करत जायचो. अजून ऐका. एका रेकॉर्डवर एक बाई गाते. कव्हरवर बाईचा ठसठशीत फोटो. पण आवाज पुरुषी, म्हणून सर आयुष्यभर सांगत आले की कव्हर छापणाऱ्याची चूक आहे!

हसा, हसा. मीही पोट धरून हसलो होतो. पण सरांनी घरी येऊन कपाटाला कुलूप लावलं. पुण्याला कळवलं, सगळं घेऊन जा. मला म्हणाले, "मी आयुष्यभर चुकीचं ऐकलं. मुलांना व्होल्टेज शिकवणारा माणूस मी. माझ्यासारख्याला हे ठेवायचा हक्क नाही."

सर, आता तुमचा शेजारी बोलतोय, समितीचा सदस्य नाही. चुकीचं? कुणाच्या हिशेबानं चुकीचं? आमचे आप्पा शेवटच्या उन्हाळ्यात खाटेवरून उठत नव्हते. दुखणं असं, की औषधाचा उपयोग नव्हता. रोज विचारायचे, "लाइट उनी का? मास्तरनं लावं का?" तुमचा ट्रम्पेट सुरू झाला की त्यांचा कण्हण्याचा आवाज थांबायचा. मी खाटेच्या कडेला बसून ते पाहिलंय. पुण्याची वरात वाजली असती तर माझा बाप शांत झाला असता का? त्या वादकानं नाचायला वाजवलं, कबूल. तो त्याच्या गावी बरोबर. पण आमच्या गावी त्यानं जे वाजवलं तेही खरं होतं, आणि ते तुम्ही सोडून जगात कुणी ऐकवलेलं नाही. त्या रेकॉर्डवर कुणी हसलेलं मला चालणार नाही. तुम्ही हसलेलंसुद्धा नाही, आणि लाजलेलं तर मुळीच नाही.

आता थोडं खासगी. नूतनताई, तुम्ही समारंभ मागच्या आठवड्यात घ्या म्हणत होतात आणि मी भांडून या आठवड्यात आणला. तुम्हाला वाटलं, गोपालभाऊंचा स्वभावच आडमुठा. स्वभाव आहेच तसा, पण कारण वेगळं होतं. मागच्या आठवड्यात मळ्याला रात्रीची लाइट होती. या आठवड्यात दिवसाची आहे. आणि ही आपली शाळाही गावठाणाबाहेर, त्याच डीपीवर आहे.

या टेबलावर शाल झाकून ठेवलेली वस्तू सत्काराची भेट आहे असं सगळ्यांना वाटतंय ना? शीलावहिनी, काढा शाल. सर, मशीन ओळखलंत? आणि त्यावर ठेवलेलं ते रडकं? कुलूप तुमचं असेल, किल्ली वहिनींकडे असते.

शेतकरी बंधूंनो, आता आपापले मोबाईल काढा. कालच ठरलंय आपलं. मोबाईलवर मोटर चालू करायचं यंत्र बसवलंत ना सगळ्यांनी? लावा फोन. एकदम. हां, एक लागली. दोन. प्रमिलाबाई, तुमचा नंबर लागला? शाबास. डोंगरसिंगभाऊ, तुमची अजून लागलेली दिसत नाही, पंखा जोरात फिरतोय. पुन्हा लावा. हां! बघा, दिवे पिवळे पडले. माझाही आवाज बसायला लागलाय, तो माईकचा दोष समजावा.

अध्यक्षांचा, पाहुण्यांचा आणि एवढ्या उकाड्यात चिकटून बसलेल्या आपणा सर्वांचा मी मनापासून ऋणी आहे. ठरवून दिलेल्या वेळेपेक्षा जास्त बोललो, सरांचं घरातलं चव्हाट्यावर मांडलं, आणि आता मान्यवरांच्या डोक्यावरचे पंखेही मंद केले. या तिन्ही अपराधांची एकदमच क्षमा मागतो, वेगवेगळी मागायला वेळ नाही. रविवारच्या गाडीचं काय करायचं ते, सर, हे ऐकून झाल्यावर तुम्ही ठरवा. आम्ही कुणी एक शब्द बोलणार नाही.

मी सुई टेकवणार होतो, पण सर उठलेत. सावकाश, सर, वायर आहे पायात. नवनीतभाई, जरा खुर्ची सरकवा, त्यांना येऊ द्या. या सर. सुई तुम्हीच टेकवा. मी खाली बसतो.