फंगसची उडी झेलणार कोण?

या समारंभाचे अध्यक्ष, निम्म्या गावाला शेवटचे कपडे चढवून शवपेटीत निजवणारे आणि मघापासून माझ्या नवऱ्याची लांबी डोळ्यांनी मोजणारे श्री. ऑर्मरॉड साहेब, मांडीवर सन्मानाची ढाल घेऊन बसलेल्या नगरपालिकेच्या बाई, ‘बस्टेड बॉयलर’ या पंक-रॉक बँडचे चौघे कलावंत, आणि समोर बसलेल्या, बसल्या बसल्या कण्हणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. शाळा अर्ध्यात सोडून मी फ्लीटवुडच्या धक्क्यावर मासे चिरायला लागले, त्यामुळे दोन शब्द म्हणजे नेमके किती ते मला ठाऊक नाही. सांभाळून घ्या.

मागे फलक लावलाय, ‘कृतज्ञता व निरोप’. कृतज्ञता ठीक आहे. निरोप कोणाचा? बँडमधला गाणारा क्लिफर्ड, माझा नवरा. पोस्टरवर त्याचं नाव फंगस. बुरशीचं नाव त्याला शोभतं. एकदा धरली की जात नाही. त्याला निरोप घ्यायचाय का, हे त्याला कोणी विचारलं? हा निरोप गिटारवाल्या डेझमंडने आणि अध्यक्षसाहेबांनी चहा पिता पिता ठरवला. डेझमंड, खाली वाकून बघू नकोस. तुझ्या बुटाला नाडीच नाही.

आता या ढालीचं. तरुणपणी याच सभागृहात नगरपालिकेने या चौघांना पाऊल टाकू दिलं नव्हतं. गावाला लागलेला रोग म्हणाले होते. बाई, तुमचा दोष नाही, तुम्ही तेव्हा जन्मलाही नव्हता. पण ढालीवर ‘सांस्कृतिक वारसा’ असं कोरलंय, ते वाचून क्लिफर्डला असा ठसका लागला की पाठीत बुक्का घालावा लागला. पंकवाल्याला वारसा म्हणायचं म्हणजे जिवंतपणी पेंढा भरायचा.

लोकांना वाटतं पंकवाल्यांना नियम नसतात. असतात, आणि चर्चपेक्षा कडक असतात. पहिला, शेवटच्या गाण्याला गाणारा मंचावरून उडी मारतो आणि लोक त्याला वरच्या वर झेलतात. दुसरा, नाचताना कोणी पडला तर शेजारच्यांनी हातातलं टाकून आधी त्याला उचलायचं, मग पुढचं नाचायचं. इतकी वर्षं या दोन नियमांवर बँड चालला.

गेल्या शरदात मोरकॅमच्या कार्यक्रमात काय झालं ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल, कारण तुम्ही तिथे जमिनीवर होतात; मी ऐकलेलं सांगते. क्लिफर्डने उडी मारली. पहिल्या रांगेने वर पाहिलं आणि मोठ्या अदबीने बाजूला सरून वाट करून दिली. कोणाची कंबर धरलेली, कोणाचा खांदा. एक जण नंतर मला म्हणाला, मॉरीन, मला वाटलं शेजारचा झेलेल. शेजारच्यालाही तेच वाटलं होतं. क्लिफर्ड धप्पकन खाली.

मग दुसरा नियम आठवला. पहिली रांग त्याला उचलायला वाकली. वाकली ती वाकलीच. तिला उचलायला दुसरी रांग वाकली. दुसरीला उचलायला तिसरी. बघता बघता सगळं सभागृह गुडघ्यांवर. दारावरच्या माणसाला वाटलं प्रार्थना चाललीय, त्याने टोपी काढली. आणि हे आपले डेझमंड वाजवतायत. गाणं संपलं नव्हतं ना.

क्लिफर्डच्या दोन बरगड्या गेल्या. त्याचं मला काही वाटलं नाही, बरगड्या जुळतात. पण हिवाळाभर तो घरी बसला. बायांनो, निवृत्त नवरा काय असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. माझे डबे त्याने उंचीप्रमाणे लावले. किटलीत पाणी किती घालायचं ते मला शिकवलं. शेजारची पोरं गाणी मोठ्याने लावतात म्हणून त्याने नगरपालिकेला फोन केला. होय बाई, तो म्हातारा हाच. ज्याच्या आवाजाने बंदरावरचे सीगल पक्षी उठायचे, तो कानात कापूस घालून बसला होता. मग एकदा सकाळी म्हणाला, मॉरीन, बागेला छानसं कुंपण घालूया का?

तेव्हा मात्र मी घाबरले. कुंपणापर्यंत गेलेला माणूस परत येत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणतात, उडी नको. अध्यक्षसाहेब म्हणतात, गा, पण उडी नको, विमेवाले ऐकत नाहीत. डेझमंडने तोड काढली की क्लिफर्डने मंचाच्या कडेवर बसावं आणि लोकांनी त्याला अलगद आडवं करून घ्यावं. क्लिफर्ड म्हणाला, “ती उडी नव्हे. ते आजाऱ्याला अंथरुणात घालणं झालं.”

आज सकाळी टोस्टला लोणी लावता लावता मी त्याला सरळ विचारलं, उडी मारणार आहेस का?

तो म्हणाला, “ते माझ्या हातात आहे होय? झेलणारे असले तर उडी, नसले तर नुसतं पडणं. पुढे उभं राहायला कोणी नसेल तर मी गाणं संपवून आत जाईन, आणि उद्या कुंपणाची फळी आणीन.”

तर मंडळी, फलक खरा की खोटा, हे तुम्ही ठरवायचंय. ज्यांची पाठ धड आहे त्यांनी पुढे या. नवे खुबे बसवलेल्यांनी त्यांच्या मागे उभं राहा, टेकू म्हणून. हृदयात यंत्र असलेल्यांनी दाराशी थांबून नुसतं ओरडा. आणि वाकायचं कोणीही नाही. आजच्यापुरता दुसरा नियम मी रद्द करते. पहिला नीट पाळलात तर त्याची गरज पडणार नाही. मी स्वतः मधोमध उभी राहणार आहे. इतकी वर्षं बाहेर चुकीच्या जागी लावलेली बँडची व्हॅन राखत बसले, त्याची उडी मी एकदाही पाहिली नाही. माशांच्या पेट्या उचललेले हात आहेत, याहून घाणेरडं ओझं झेललंय.

मटण भरलेले पाइ आणि वाटाणे रांधणाऱ्या बायकांचे आभार. ढालीबद्दल नगरपालिकेचे आभार. ती आत ठेवा, कोणाच्या डोक्यात पडायची. अध्यक्षसाहेब, तुमचेही आभार, तुमची पाठ चांगली दिसते, कोट काढा. बोलण्यात कोणाला काही लागलं असेल तर अडाणी बाई म्हणून पोटात घाला.

डेझमंड, शेवटचं गाणं आधी घे, लोक अजून जागे आहेत. आणि बाकीच्यांनी हातातले कप खाली ठेवा. दोन्ही हात लागतील.